डॉग: अदलाबदलीत भिडूला कोणतं पान द्यायचं?

पट_मांडला

डॉग खेळणाऱ्यांसाठी हा धागा. फासा नाही, गोटी पुढे न्यायला पत्ते, आणि समोरासमोर बसलेले दोघं भिडू. नियम थोडक्यात लिहितो, म्हणजे पुढची चर्चा एकाच नियमांवर होईल.

पटावर गोल फिरणारे ६४ खण. चार रंग, प्रत्येकाच्या ४ गोट्या. दर १६ खणांवर एकेका रंगाचा सुरुवातीचा खण, त्याला इथे 'उंबरा' म्हणू. गोट्या आधी बाहेर 'तळावर' असतात. उंबऱ्यापासून आत वळणारे चार खण म्हणजे 'घर'. गोटी उंबऱ्यावर येते, पूर्ण फेरी मारते आणि नेमक्या आकड्याने घरात शिरते. दोन्ही भिडूंच्या मिळून आठही गोट्या घरात गेल्या की ती जोडी जिंकली.

दोन कॅट आणि ६ जोकर, एकूण ११० पानं. पहिल्या वाटपात प्रत्येकी ६, मग ५, ४, ३, २ आणि पुन्हा ६. एक्का म्हणजे १ किंवा ११, राजा १३, राणी १२. एक्का, राजा आणि जोकर गोटी तळावरून उंबऱ्यावर आणू शकतात. चव्वी पुढे किंवा मागे. सत्तीचे सात तुकडे करून हव्या त्या गोट्यांत वाटता येतात. गुलामाने आपल्या गोटीची दुसऱ्याच्या गोटीशी जागा बदलायची. जोकर कुठलंही पान होतो. बाकीची पानं आकड्याप्रमाणे.

प्रत्येक वाटपानंतर, पहिलं पान पडण्याआधी, दोघं भिडू एकेक पान पालथं ठेवून एकमेकांना देतात. मिळालेलं पान आपलं दिल्याशिवाय बघायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही.

प्रश्न या अदलाबदलीचाच आहे. द्यायचं पान ठरवायचं कसं?

तळ्यात_मळ्यात

एक्का असेल तर एक्का, राजा असेल तर राजा. सोडवणारं पान भिडूला. यात विचार काय करायचा?

गणिती_गोटी

विचार करायला हवा, कारण आकडे बोलतात. ११० पानांत सोडवणारी पानं २२: ८ एक्के, ८ राजे, ६ जोकर. म्हणजे पाचातलं एक.

सहा पानांच्या हातात त्यातलं एकही नसण्याची शक्यता सुमारे २५ टक्के. पाच पानांत ३२, चारात ४०, तिनात ५१ आणि दोन पानांत ६४ टक्के. दोघा भिडूंची मिळून बारा पानं धरली, तर एकही सोडवणारं पान नसण्याची शक्यता ६ टक्क्यांच्या आसपास येते. अदलाबदल का ठेवली आहे ते इथे दिसतं. एकट्याचा हात चारातून एकदा कोरडा जातो, जोडीचा क्वचितच.

काही कॅटमध्ये दोनच जोकर असतात, म्हणजे दोन कॅट मिळून १०८ पानं आणि सोडवणारी २०. तेव्हा सहा पानांचा हात कोरडा जाण्याची शक्यता २८ टक्क्यांवर जाते. खेळ अडखळतोय असं वाटलं तर आधी जोकर मोजा.

किल्वरची_राणी

@तळ्यात_मळ्यात, दोन सोडवणारी पानं असतील तर एक डोळे मिटून द्यावं, हे मान्य. एकच असेल आणि आपली एकही गोटी पटावर नसेल, तर मात्र ते देऊ नये.

कारण बघा. ते दिलं आणि भिडूकडून दश्शी आली, तर आपल्याला काहीच खेळता येत नाही. खेळता येत नसेल तर हातातली सगळी पानं टाकून त्या वाटपापुरतं गप्प बसायचं, हा नियम आहे. म्हणजे एक पान देताना सहा पानं वाया घालवली. गणितींच्याच हिशेबाने भिडूकडे स्वतःचं सोडवणारं पान असण्याची शक्यता चारात तीन आहे. त्याची काळजी बहुतेक वेळा आधीच मिटलेली असते.

याची उलट बाजू लोक विसरतात. आपल्याकडे सोडवणारं पान नाही आणि पटावर गोटीही नाही, अशा वेळी हातातलं सगळ्यात भारी पान भिडूला द्या. गुलाम राखून ठेवतात, सत्ती राखून ठेवतात, आणि मग तीच पानं ढिगात फेकावी लागतात.

तळ्यात_मळ्यात

पण दोघांनीही एकच असलेलं दिलं, तर दोघांना एकेक मिळेलच की.

किल्वरची_राणी

मिळेल, पण तेवढंच न देताही त्यांच्याकडे असतंच. त्या व्यवहारात एक पान दिलं, एक घेतलं, कमाई शून्य. हेच दोघांनी चव्वी आणि अठ्ठी अशी बदलली असती तर कुणाचा तरी डाव उघडला असता.

हौशी_भिडू

अठ्ठीने मागे जायचं असतं ना? आणि नव्वी दोन गोट्यांत वाटायची, एक पुढे एक मागे? वरच्या नियमांत ते दिसत नाही.

निळी_गोटी

तो वेगळा खेळ, पेग्ज अँड जोकर्स. त्यात प्रत्येकाच्या बाजूला १८ भोकं आणि ५ खुंट्या असतात. हातात कायम पाच पानं राहतात, एक टाकलं की एक उचलायचं. तिथे भिडूच्या खुंटीवर आपली खुंटी आली तर ती मागे जात नाही, उलट त्याच्या घराच्या दाराशी जाऊन बसते. डॉगमध्ये तसं नाही. इथे नेमक्या त्याच खणावर पाय ठेवलात तर भिडूचीच काय, स्वतःचीही गोटी तळावर जाते.

दोन्ही खेळ एकाच घराण्यातले. पण नियमांची खिचडी केली की डॉगचा तोल जातो: मागे नेणारी पानं वाढली की पूर्ण फेरी मारायचं कारणच उरत नाही.

पट_मांडला

चव्वीवरून हमखास वाद होतो, तोही मिटवू या. गोटी नुकतीच उंबऱ्यावर आली, चव्वीने ४ मागे गेली आणि पुढच्या पानाने थेट घरात शिरली. फेरी न मारता. हे चालतं का?

निळी_गोटी

चालतं. घरात शिरण्याआधी त्या गोटीने उंबरा दोनदा गाठलेला असला पाहिजे, एवढीच अट आहे. बाहेर आली तेव्हा एकदा, मागे जाऊन पुढे येताना दुसऱ्यांदा. त्या येण्यात ती उंबऱ्यावर थांबलीच पाहिजे असं नाही. न चालणाऱ्या गोष्टी दोन: उंबऱ्यावर आल्या आल्या, न हलता आत वळणं; आणि चव्वीने मागे चालत घरात शिरणं. घरात फक्त पुढे जाऊनच शिरायचं.

गणिती_गोटी

चव्वीची खरी किंमत इथे कळते. सरळ मार्गाने उंबऱ्यापासून घराच्या चार खणांत जायला अनुक्रमे ६५, ६६, ६७ आणि ६८ पावलं लागतात. चारही गोट्यांची बेरीज २६६. मागे ४ गेल्यावर तेच घर ५, ६, ७ किंवा ८ पावलांवर येतं.

म्हणून चव्वीची जोडीदार अठ्ठी. ४ मागे, ८ पुढे, की गोटी घराच्या सगळ्यात आतल्या, चौथ्या खणात. पंजीनेही घरात जाता येतं, पण ती पहिल्याच खणात अडकते, आणि घरात एका गोटीला दुसरीवरून उडी मारता येत नाही. पहिल्या खणातली गोटी पुढे सरकवायला मग एक्का, दुर्री, तिर्री नाहीतर सत्तीचे तुकडे खर्चावे लागतात.

सुतारकाम

पटाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. घरी करायला हा पट फार सोपा.

१७ × १७ चौकोनांची जाळी आखा. तिच्या कडेवरचे चौकोन बरोबर ६४ भरतात, कारण कोपरे दोनदा मोजायचे नाहीत. प्रत्येक बाजूचा मधला, म्हणजे नववा चौकोन हा त्या रंगाचा उंबरा. एका बाजूच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत ८ आणि कोपऱ्यापासून पुढच्या मध्यापर्यंत ८, झाले १६. उंबऱ्यापासून आत मध्याकडे चार चौकोन रंगवले की घर तयार. तळाच्या चार जागा उंबऱ्याच्या शेजारी, जाळीच्या आतल्या मोकळ्या भागात काढा. मधोमध पानांचा ढीग मावतो.

कागदावर २.५ सेंटिमीटरचे चौकोन पुरतात, पट ४२.५ सेंटिमीटरचा होतो. लाकडात करणार असाल तर १२ मिलिमीटर जाडीचं प्लायवुड आणि १६ मिलिमीटरच्या गोट्या घ्या. गोल टोकाच्या पात्याने ४ मिलिमीटर खोल खळगा करा, त्याचं तोंड साधारण १४ मिलिमीटर रुंद होतं. त्याहून उथळ ठेवलात तर पटाला धक्का लागताच गोट्या शेजारच्या खणात जातात आणि कुणाची कुठे होती यावर भांडण. ६ मिलिमीटरच्या पुढे खोल गेलात तर गोटी चिमटीत येत नाही. खळगे पाडण्याआधी प्रत्येक मध्यबिंदूवर टोच्याने खूण करा, नाहीतर पातं सरकतं आणि रांग वाकडी दिसते.

लाल आणि हिरव्या रंगांत बऱ्याच जणांना फरक कळत नाही. निळा, पिवळा, पांढरा, काळा घेतले की तो प्रश्न उरत नाही.

किल्वरची_राणी

सुतारकाम, कडेचे ६४ हे लक्षातच आलं नव्हतं! सुंदर. एक भर घालते. उंबऱ्याचा खण रंगाने ठळक करा आणि त्यावर बाणही काढा. 'घरात वळायचं ते उंबऱ्याच्या आधी की नंतर' हा नव्या खेळाडूंचा पहिला गोंधळ असतो. उंबरा मोजायचा, मग आत वळायचं.

तळ्यात_मळ्यात

सत्तीबद्दल बोला कुणीतरी. सत्तीला सख्खं-सावत्र कळत नाही, एवढं खरं.

निळी_गोटी

अगदी बरोबर. बाकीची पानं टाकताना वाटेतल्या गोट्या ओलांडता येतात, त्यांना काही होत नाही. सत्तीने मात्र ओलांडलेली प्रत्येक गोटी तळावर जाते. शत्रूची, भिडूची, आपली, सगळ्या.

म्हणून सत्तीत क्रम महत्त्वाचा. समजा आपल्या दोन गोट्या आहेत, पुढची मागचीपेक्षा २ खण पुढे. सत्ती ५ आणि २ अशी वाटायची आहे. मागची आधी २ सरकवली तर ती पुढचीच्या डोक्यावर जाते आणि आपलीच गोटी तळावर. तीच सत्ती आधी पुढचीला ५ आणि मग मागचीला २ अशी टाकली तर दोन्ही सुखरूप. पान तेच, वाटणी तीच, फक्त क्रम वेगळा.

अजून दोन गोष्टी. सत्ती अर्धी टाकता येत नाही, सातही पावलं कुठेतरी बसली पाहिजेत. नाहीतर ते पान खेळण्याजोगं नाही असं धरायचं. आणि घरातल्या गोट्यांना सत्तीची भीती नाही, कारण तिथे ओलांडणंच नाही. उलट घरातली गोटी एखाद-दोन खण आत ढकलायला सत्तीचे सुटे तुकडे फार उपयोगी.

हौशी_भिडू

उंबऱ्यावर बसलेली गोटीसुद्धा सत्तीने जाते?

निळी_गोटी

ताजी असेल तर नाही. तळावरून नुकती उंबऱ्यावर आलेली, अजून न हललेली गोटी म्हणजे भिंत. तिला मारता येत नाही, गुलामाने उचलता येत नाही, ओलांडताही येत नाही. शत्रूला नाही, भिडूला नाही, तिच्या मालकाच्या दुसऱ्या गोटीलाही नाही. ती तिथे असेपर्यंत मालकाला दुसरी गोटी बाहेर काढता येत नाही आणि फेरी पूर्ण करून आलेली गोटी घरात नेता येत नाही.

तीच गोटी फेरी मारून पुन्हा उंबऱ्यावर थांबली तर मात्र ती साधी गोटी, कुणीही मारावी. हा फरक पटावर दिसत नाही, लक्षात ठेवावा लागतो. ताज्या गोटीखाली कागदाचा छोटा तुकडा सरकवून ठेवला आणि ती हलली की काढला, तर वाद होत नाहीत.

गणिती_गोटी

भिंत मुद्दाम धरून ठेवणं हा डावपेच चांगला, पण महाग. आपल्या मागून येणाऱ्या शत्रूच्या गोट्या अडतात, त्यांच्याकडे लहान पान नसेल तर हात टाकावा लागतो. पण भिडूच्या गोट्याही त्याच वाटेने येतात. भिडूची गोटी आपल्या उंबऱ्याच्या मागच्या दहा-बारा खणांत असेल तर भिंत उठवा. त्याचं अख्खं वाटप अडकवून शत्रूचं एक पान अडवण्यात काही मिळवलं नाही.

चौसष्ट_खण

सहा जणांनी कसं खेळायचं?

सुतारकाम

६ × १६ = ९६ खणांचा षट्कोनी पट. दोघांच्या तीन जोड्या किंवा तिघांचे दोन गट. ६-५-४-३-२ या पूर्ण चक्रात प्रत्येकाला २० पानं लागतात, म्हणजे सहा जणांना १२०. ११० पानं पुरत नाहीत, चक्राच्या मध्येच पिसावं लागतं. तिसरा कॅट घातला की सुरळीत.

चौघांत पूर्ण चक्राला ८० पानं लागतात, ३० उरतात. त्यातून पुढच्या सहाच्या वाटपाला २४ जातात आणि ६ राहतात. पाचाच्या वाटपाला २० हवीत, तेव्हा टाकलेली पानं गोळा करून पिसायची. कुणाला जोकर मोजायची सवय असेल तर मोजणी इथे शून्यावर आणावी.

पटावरचा_पाहुणा

या खेळाचं मूळ कुठलं? पचीसीची आठवण होते.

निळी_गोटी

होणारच. पचीसीतही समोरासमोरचे दोघं भिडू असतात आणि दोघांच्या सोंगट्या पोचल्याशिवाय जोडी जिंकत नाही. लुडोने पट घेतला, जोडी सोडून दिली. विल्यम हेन्री स्टोरी यांनी १९२९ साली इंग्लंडमध्ये 'सॉरी' हा खेळ नोंदवला. त्यात फाशाऐवजी पानं आली, आणि ४ मागे, ७ दोन गोट्यांत वाटायचे, ११ ला अदलाबदल हे सगळं त्यात आहे. त्या ४५ पानांत ६ आणि ९ नाहीतच, उलटे धरले तर एकमेकांसारखे दिसतात म्हणून.

कॅनडातला टॉक आणि नेदरलँड्समधला कीझेन हे डॉगचे भाऊबंद. तिथे ५२ पानांचा एकच कॅट, चौघांना प्रत्येकी १३ पानं, ती ५-४-४ अशी तीन वाटपांत संपतात. डॉगचा स्वित्झर्लंडमधला लाकडी पट ल्युसर्नची ब्रेंडी ही संस्था तयार करते. तिच्या कार्यशाळांत अपंग व्यक्ती काम करतात. त्यावरूनच 'ब्रेंडी डॉग' हे नाव रुळलं.

पटावरचा_पाहुणा

म्हणजे जोडी पुन्हा पटावर आली. छान वाटलं वाचून.

हौशी_भिडू

गुलाम कधी टाकावा? बहुतेक जण हातात दाबून ठेवतात आणि शेवटी भलत्याच गोटीशी बदल करावा लागतो.

किल्वरची_राणी

कारण खेळता येण्यासारखं पान असेल तर ते टाकलंच पाहिजे, तोट्याचं असलं तरी. शेवटी गुलाम उरला आणि पटावर बदलता येईल अशी एकच परकी गोटी असेल, तर बदल सक्तीचा. आपली ६० खण चाललेली गोटी देऊन मागची घ्यावी लागते. पटावर एकही परकी गोटी बदलण्याजोगी नसेल तरच गुलाम बाद, आणि मग हात संपला.

म्हणून वाटपाच्या सुरुवातीला बघा: आपल्या उंबऱ्याच्या थोडी मागे कुणाची गोटी उभी आहे का? समजा शत्रूची गोटी आपल्या उंबऱ्याच्या ३ खण मागे आहे आणि आपली गोटी उंबऱ्यापासून ५ खण गेली आहे. बदल केला की आपली गोटी पाचव्यावरून थेट ६१ व्या खणावर. ५६ पावलं एका पानात. शत्रूची तेवढी मागे जाते की नाही, हे त्याच्या उंबऱ्यावरून मोजायचं. तीच जागा त्याच्यासाठी प्रवासाची सुरुवात असू शकते, मग आपण त्याला काहीच तोटा केला नाही.

गुलाम भिडूला देण्यातही मजा आहे. आपली गोटी त्याच्या घराजवळ आणि त्याची आपल्या घराजवळ अशी उभी असेल, तर एका गुलामाने दोघांचंही भलं होतं.

तळ्यात_मळ्यात

हे मात्र मला पटलं. आधीचं मत मागे घेतो, सोडवणारं पान आंधळेपणाने द्यायचं नाही.

गणिती_गोटी

मग मूळ प्रश्नाकडे येऊ. पान निवडताना बहुतेक जण स्वतःच्या हाताकडे बघतात. आधी भिडूच्या गोट्यांकडे बघा आणि त्याच्या घरापर्यंतचं अंतर मोजा.

भिडूची गोटी उंबऱ्याच्या ३ खण मागे असेल तर त्याला चव्वी लागते (३ अधिक १, पहिला खण), पंजी (दुसरा), छक्की (तिसरा) किंवा सत्ती (चौथा). यातलं जे पान त्याच्या रिकाम्या खणांत सगळ्यात आत नेईल ते आधी. असं पान आपल्या हातात असेल तर ते एक्क्याहून मोलाचं. भिडूला आपण सांगू शकत नाही, पण पट दोघांनाही दिसतो. तोही आपलं अंतर मोजत असेल, हा विश्वास म्हणजेच जोडी.

वाटप लहान होत जातं तसं हे जास्त लागू पडतं. दोन पानांच्या वाटपात एक पान द्यायचं म्हणजे अर्धा हात भिडूचा. आणि त्या वाटपात सोडवणारं पान नसण्याची शक्यता ६४ टक्के. म्हणून तीन आणि दोनच्या वाटपात शिरताना दोघांचीही निदान एक गोटी पटावर मोकळी चालती असावी. चार पानांच्या वाटपातच त्याची सोय बघावी.

चौसष्ट_खण

एकाच्या चारही गोट्या घरात गेल्यावर तो काय करतो? बसून राहतो?

निळी_गोटी

नाही, तेव्हापासून तो आपल्या पाळीला भिडूच्या गोट्या चालवतो. भिडूला जणू दोन हात मिळतात. अदलाबदल तेव्हाही होतेच. म्हणून दोघांनी सारखं पुढे जाण्यापेक्षा एकाला लवकर मोकळं करणं बहुतेकदा फायद्याचं.

पट_मांडला

आता एक प्रत्यक्ष पट मांडतो. दोन पानांचं वाटप. माझ्या दोन गोट्या घरात, तिसरी उंबऱ्यापासून २० खणांवर, चौथी तळावर. भिडूच्या घरातले तिसरा आणि चौथा खण भरलेले, एक गोटी उंबऱ्याच्या ३ खण मागे, एक तळावर. तिच्या ७ खण मागे शत्रूची गोटी. माझ्या हातात राजा आणि पंजी. काय द्यावं?

तळ्यात_मळ्यात

पंजी! या वेळी मोजून सांगतोय.

किल्वरची_राणी

पंजीच. भिडूची गोटी ३ अधिक २ अशी घराच्या दुसऱ्या खणात बसते, पहिला खण शेवटच्या गोटीला मोकळा राहतो. शिवाय मागच्या शत्रूच्या सत्तीतून ती सुटते. पंजी टाकल्यावर त्याची पटावर एकही गोटी राहत नाही, तेव्हा त्याचं दुसरं पान सोडवणारं नसेल तर वाया जाईल. एक साधं पान गेलं, गोटी घरात आली, हा सौदा चांगला. राजा आपल्याकडे ठेवून चौथी गोटी उंबऱ्यावर काढा, मिळालेल्या पानाने तिसरी पुढे न्या.

पट_मांडला

आणि पंजीऐवजी छक्की असती तर?

गणिती_गोटी

तर राजा द्यायचा, छक्की अजिबात नाही. ३ अधिक ३ म्हणजे घराचा तिसरा खण, तो भरलेला. घरात जाता येत नाही म्हणून पान बाद होत नाही, गोटी घरासमोरून सरळ पुढे निघून जाते आणि पुन्हा फेरीला लागते. भिडूकडे दुसरं चालणारं पान नसेल तर ते त्याला करावंच लागेल. आपण दिलेल्या पानानेच त्याची गोटी घालवली असं होईल.

निळी_गोटी

तसं झालंच तर चव्वीची वाट बघा. गोटी उंबऱ्याच्या ३ पुढे आहे, ४ मागे गेली की उंबऱ्याच्या १ मागे येते. मग दुर्रीने घराचा पहिला खण, तिर्रीने दुसरा. पुढच्या वाटपात तुमच्या हातात चव्वी आली तर ती कुणाला द्यायची ते आता विचारू नका!